मागच्या चाकाचे शास्त्र : प्रस्तावना

पुढे धावणाऱ्या वाहनाविषयी माणसाने जितके लिहिले, त्याच्या शतांशानेही मागे जाणाऱ्या वाहनाविषयी लिहिले नाही. आणि ज्याच्या पाठीशी दुसरे एक बिनइंजिनाचे वाहन पिनेने जोडलेले आहे असे वाहन मागे नेण्याची विद्या तर आजवर ग्रंथाच्या आधारावाचूनच, शेताच्या धुऱ्यावर, जिनिंगच्या आवारात आणि बाजार समितीच्या फाटकाशी, एका चालकाकडून दुसऱ्याकडे पाहून पाहून गेली. जोडवाहन मागे घेताना स्टेअरिंगचे काम यंत्राने स्वतःकडे घ्यावे, चालकाने केवळ दिशा सांगावी आणि वेगावर व ब्रेकवर आपला ताबा ठेवावा, अशी सोय गेल्या दहा-बारा वर्षांत जगाच्या बाजारात आली आहे. या सोयीमागचे शास्त्र कोणते, ती कोणासाठी निर्माण झाली, आणि यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या ट्रॉलीला तिचा उपयोग व्हावयाचा असेल तर तिच्यात कोणते फेरफार करावे लागतील, या तीन प्रश्नांचा विचार पुढील प्रकरणांत केलेला आहे. जो वाचक गणिताची पाने सोडून देणार आहे त्याच्याही हाती विषयाचा गाभा लागावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहिली आहे.

विषय परदेशातील मोठ्या मोटारींचा. त्याचे यवतमाळशी नाते काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या मुख्य पिकात आहे. कापूस वजनाने हलका आणि आकारमानाने अवाढव्य; धान्याची पोती जेवढ्या जागेत मावतात तेवढ्या जागेत सरकीसह कापूस भरला, तर त्याचे वजन धान्याच्या मानाने फारच थोडे भरते. त्यामुळे कापसाच्या वाहतुकीत खरी अडचण भाराची नसून जागेची असते. गाडीच्या बाजूंना फळ्या आणि बांबू उभारून, त्यांना जाळ्या बांधून, आत माणसे चढवून व पायांनी तुडवून शेतकरी जेवढा कापूस बसवता येईल तेवढा बसवतो. आणि भरलेल्या गाडीची उंची जितकी वाढते, तितका मागचा सर्व प्रदेश चालकाच्या दृष्टीआड होत जातो. जे पीक गाडीला सर्वांत मोठी करते तेच चालकाला मागच्या बाजूने आंधळा करते, ही या जिल्ह्यातील वाहतुकीची मूळ अडचण आहे.

या अवाढव्य मालासाठीच येथे एके काळी आगगाडी आली. १९०३ मध्ये यवतमाळ ते मूर्तिजापूर हा २ फूट ६ इंच रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला. दारव्हा, कारंजा या भागांतला कापूस त्यावरून मूर्तिजापूरला आणि तेथून मोठ्या मार्गाने मुंबईला जाऊ लागला. पुढे लोकांनी त्या गाडीला प्रेमाने शकुंतला हे नाव दिले. या लोहमार्गाचा उल्लेख मी केवळ स्मृतीच्या ओढीने करीत नाही. इंजिनाने डबे ओढले काय आणि ढकलले काय, रूळ चाकांना आपल्या रेषेपासून ढळू देत नाहीत, आणि म्हणून आगगाडी मागे नेण्यात इंजिनचालकाला दिशेची चिंता करावी लागत नाही. रस्त्यावर रूळ नाहीत. तेथे ओढलेले वाहन आपोआप रेषेत राहते, ढकललेले वाहन मात्र रेषेतून निसटण्याची संधीच पाहत असते. हा भेद ध्यानी आला म्हणजे आपल्या विषयाचे दार उघडते.

लोहमार्गाच्या आधी, त्याच्या बरोबरीने आणि त्याच्यानंतरही कितीतरी वर्षे शेतातून कापूस बाहेर पडला तो बैलबंडीने. बंडी मागे घ्यावयाची असली म्हणजे गाडीवान खाली उतरून बैलांच्या तोंडापुढे उभा राही, कासरा धरून त्यांना एकेक पाऊल मागे सारी, आणि तेवढ्याने भागले नाही तर बैल सोडून, चाकांच्या आऱ्यांना हात घालून, चार माणसे बंडी हवी तशी फिरवीत. पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदीची योजना अमलात आली, तेव्हा खरेदी केंद्रांसमोर लागणाऱ्या लांबच लांब रांगांत बैलबंड्यांचाच मोठा भरणा असे. पुढे ट्रॅक्टर आला आणि बंडीची जागा ट्रॉलीने घेतली. बंडी चुकली तर ती माणसांच्या हातांनी सुधारता येत होती. काही टन भार घेतलेली लोखंडी ट्रॉली हातांनी सुधारता येत नाही. ती सुधारावयाची तर इंजिनाच्या बळाने आणि स्टेअरिंगच्या द्वारेच सुधारावी लागते, आणि येथूनच चालकाच्या बुद्धीवरचा ताण सुरू होतो.

दिवाळीनंतर हंगाम भरात आला, म्हणजे यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी येथील जिनिंगच्या आवारांत हा ताण दिवसभर पाहावयास मिळतो. वजनकाट्यावरून उतरलेली ट्रॉली कापसाच्या ढिगाला उलटी लावावयाची असते. चालक आसनावर अर्धा वळून बसतो. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा मडगार्डवर, डावा पाय क्लचवर. आणि दोन मोठ्या चाकांच्या मधून त्याला दिसते ती केवळ दांडी, पिन आणि ट्रॉलीची समोरची फळी. मागचा फाळका कोठे पोहोचला, त्याच्या पलीकडे ढीग आहे की भिंत आहे की माणूस, हे त्याला दिसत नाही. ते पाहण्यासाठी एकजण मागे उभा राहून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, “येऊ दे, येऊ दे... डावीकडे काट... थांब, थांब!” असे ओरडत असतो. आता हा मागचा माणूस ट्रॅक्टरकडे तोंड करून उभा आणि चालक मागे वळून पाहणारा, त्यामुळे त्या माणसाची डावी बाजू वळलेल्या चालकाला उजवी वाटते; शिवाय ट्रॉलीने डावीकडे जावे असे वाटत असेल तर स्टेअरिंग उजवीकडे वळवावे लागते; म्हणजे एका साध्या सूचनेचा दोनदा उलटा अर्थ लावून, तोही क्षणार्धात, चालकाने तो हाताला कळवावयाचा असतो. हे सर्व ज्या आवारात घडते तेथे हमाल ये-जा करीत असतात, कापूस रिकामा करणाऱ्या बाया असतात, चहाची किटली घेऊन फिरणारा पोरगा असतो. अशा ठिकाणी जो चालक एका दमात ट्रॉली ढिगाला लावतो, त्याच्या कौशल्याकडे आपण नित्याची बाब म्हणून पाहतो; वस्तुतः ते एका कठीण गणिताचे हाताने दिलेले उत्तर असते.

ते गणित असे. ट्रॅक्टर मागे जात असता स्टेअरिंग उजवीकडे वळवले की ट्रॅक्टरचा मागचा भाग उजवीकडे सरकतो; त्याच्याबरोबर पिन उजवीकडे जाते; पिनेबरोबर दांडी ढकलली जाते; आणि ट्रॉली आपल्या चाकांवर फिरून तिचा मागचा फाळका डावीकडे वळतो. ट्रॉली वळू लागली की स्टेअरिंग तसेच धरून चालत नाही. ते परत आणून, पुढे उलट बाजूला नेऊन, ट्रॅक्टरला ट्रॉलीच्या मागोमाग न्यावे लागते, नाहीतर दोहोंमधला कोन वाढत वाढत ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांवर मोडतात. नवशिक्याची फजिती होते ती बहुधा पहिल्या पायरीवर नव्हे, तर या दुसऱ्या पायरीवर. वळवावयाचे कोणीकडे हे त्याला समजलेले असते, परत केव्हा आणावयाचे हे समजलेले नसते.

कोन किती झपाट्याने वाढतो हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पिनेपासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे, आणि ट्रॅक्टर नाकासमोर सरळ मागे जात असता ट्रॉली त्याच्या रेषेपासून अवघी २ अंश कललेली आहे, असे समजू. हा कल डोळ्यांना दिसतही नाही. चालकाने स्टेअरिंगला हात लावला नाही, तर ३ मीटर मागे गेल्यावर तोच कल सुमारे साडेपाच अंश होतो, ६ मीटरवर सुमारे १५ अंश, ९ मीटरवर सुमारे ३९ अंश, आणि १२ मीटर पुरे होताहोता ट्रॉली जवळजवळ काटकोनात आडवी होते. ट्रॉलीच्या लांबीइतके अंतर काटले की लहानसा कल पावणेतीनपट होतो, हा त्याचा ठोकळ नियम. तळहातावर काठी उभी धरू पाहणाऱ्या मुलाला जे करावे लागते तेच येथे चालकाला करावे लागते: पडण्याची सुरुवात दिसण्याच्या आधीच हात हलला पाहिजे. या नियमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ट्रॉली जितकी आखूड तितकी ती अधिक अवखळ. लांब ट्रॉली धिमी, पण आज्ञाधारक. दुसरी, कोनाची वाढ वेगावर नव्हे, कापलेल्या अंतरावर अवलंबून आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने ३ मीटर अंतर सुमारे दोन सेकंदांत सरते, त्याच्या निम्म्या वेगाने चालकाला विचार करावयास दुप्पट वेळ मिळतो. “हळू घे” हा जुन्या चालकांचा उपदेश केवळ भीतीपोटी दिलेला नसून त्याला भूमितीचा भक्कम आधार आहे.

वरील विवेचन एका एक्सलच्या, दोनचाकी ट्रॉलीचे झाले. चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या एक्सलला फिरती तबकडी असते, आणि तिच्यामुळे एका सांध्याऐवजी दोन सांधे उत्पन्न होतात: एक पिनेजवळचा, दुसरा तबकडीचा. स्टेअरिंग उजवीकडे वळवले की दांडीचे पुढचे टोक उजवीकडे जाते, तबकडी डावीकडे वळते, आणि ट्रॉलीचा मागचा फाळका पुन्हा उजवीकडे येतो. म्हणजे अंतिम दिशा साध्या मोटारीसारखी वाटते, परंतु तेथवर पोहोचण्यासाठी एकावर एक असे दोन अस्थिर समतोल सांभाळावे लागतात, आणि त्यांतला पहिला आखूड दांडीचा असल्यामुळे दीड-दोन मीटरांतच हाताबाहेर जातो. पुसद-उमरखेडच्या ऊसपट्ट्यात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेण्याची वहिवाट आहे. तेथे तर मागे घेण्याचा प्रसंगच येऊ नये अशी वाट आधी ठरवणे, हेच शहाणपणाचे मानले जाते. शिवाय प्रत्येक जोडवाहनाला कोनाची एक मर्यादा असते. ती ओलांडली गेली की स्टेअरिंग पूर्ण वळवूनही ट्रॉली मागे जाता जाता सरळ होत नाही. पुढे ओढून घेणे हा एकच मार्ग उरतो. अनुभवी चालक ही मर्यादा येण्याच्या आधीच गाडी थांबवतो, पुढे घेतो आणि पुन्हा सुरुवात करतो. असे पुढे घेण्यात कमीपणा नाही. उलट मर्यादेची जाण हीच त्याच्या विद्येची पूर्णता होय.

जो प्रश्न आवारात चालक हाताने सोडवीत होता, तोच विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांनी कागदावर सोडवावयास घेतला. १९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेरिक न्गुयेन आणि बर्नार्ड विड्रो यांनी संगणकावर एक आभासी ट्रक-ट्रेलर उभा केला, आणि माल उतरवण्याच्या धक्क्याला तो कोणत्याही स्थितीतून उलटा कसा लावावा हे कृत्रिम मज्जाजालाला स्वतः चुकत चुकत शिकू दिले. त्यांनी त्याला प्रथम धक्क्याजवळच्या सोप्या स्थिती दिल्या आणि क्रमाक्रमाने दूरच्या व वाकड्या स्थितींकडे नेले. आपल्याकडे नव्या पोराला मोकळ्या मैदानात चार हात मागे घ्यावयास लावून मग फाटकातून आत घालावयास देतात, तो क्रमही हाच आहे. १९९३ मध्ये फ्रान्समधील झाँ-पॉल लोमाँ यांनी असे सिद्ध केले की एका वाहनामागे कितीही ट्रॉल्या जोडल्या तरी, पुरेशी जागा आणि पुरेशी पुढे-मागे करण्याची मुभा असेल, तर त्या सर्वांना हव्या त्या स्थितीत आणणे तत्त्वतः शक्य आहे. त्याच दशकात फ्लीस, लेव्हीन, मार्टिन आणि रुशाँ या चौघा फ्रेंच गणितज्ञांनी दाखवून दिलेली गोष्ट तर आपल्या विषयाच्या मर्मालाच हात घालते: प्रत्येक पिन आपल्या पुढच्या वाहनाच्या एक्सलच्या मध्यावर आहे असे धरले, तर सर्वांत मागच्या ट्रॉलीच्या एक्सलच्या मध्यबिंदूने कोणत्या रेषेवरून जावे एवढे ठरवले की पुढच्या प्रत्येक वाहनाची जागा, प्रत्येक सांध्याचा कोन आणि पुढच्या चाकांचे वळण ही सारी त्या एका रेषेवरून निश्चित करता येतात.

या सिद्धान्ताचा मथितार्थ मी वाचकांपुढे आग्रहाने ठेवू इच्छितो, कारण या पुस्तकाचे सर्व प्रतिपादन त्यावरच उभे आहे. जोडवाहन मागे नेताना नेता हा पुढचा नव्हे, मागचा असतो. चालक बसतो ट्रॅक्टरवर, हात असतो स्टेअरिंगवर, परंतु विचार मात्र ट्रॉलीच्या मागच्या चाकावरून करावयाचा असतो. ते चाक कोठे जावयास हवे हे आधी, आणि त्यासाठी ट्रॅक्टरने काय करावयास हवे हे नंतर. जाणता चालक ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहत नाही, तो ट्रॉलीच्या चाकाकडे आणि ढिगाकडे पाहतो. ट्रॅक्टर त्याच्या हाताखाली आपोआप वळत असतो. गणितज्ञ ज्या निष्कर्षाला समीकरणांच्या वाटेने पोहोचले, तेथे तो सरावाच्या वाटेने पूर्वीच जाऊन बसलेला होता. यंत्राने स्टेअरिंग सांभाळण्याची सोय चांगली की वाईट, याची कसोटीही हीच: ती चालकाला मागच्या चाकावरून विचार करण्यास मोकळा करते की नाही.

बाजारात आलेल्या सोयी या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात. २०१४ मध्ये फोक्सवागेनने आपल्या पसाट मोटारीत आणि २०१५ मध्ये फोर्डने आपल्या एफ-१५० या पिकअप गाडीसाठी अशी रचना जाहीर केली. फोर्डच्या रचनेत गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याला ओळखता यावे म्हणून ट्रेलरच्या दांडीवर चौकटीचौकटींचा एक कागद चिकटवतात. कॅमेरा त्याच्याकडे पाहून गाडी आणि ट्रेलर यांमधला कोन सतत मोजतो. पिनेपासून ट्रेलरच्या एक्सलपर्यंतचे अंतर आणि आणखी काही मापे चालकाने एकदा भरून द्यावयाची असतात. त्यानंतर चालक स्टेअरिंग सोडून देतो आणि फलकावरील एक लहान बटण फिरवतो: बटण डावीकडे तर ट्रेलर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. फोक्सवागेनने हेच काम बाजूचे आरसे हलवण्याच्या बटणाकडे सोपवले. विजेच्या मोटारीने चालणारे स्टेअरिंग दर क्षणी मोजलेल्या कोनानुसार स्वतः फिरते, वाढू लागलेला कल वाढण्यापूर्वीच दाबून टाकते, आणि कोन मर्यादेजवळ आला तर चालकास सावध करते. वेग आणि ब्रेक मात्र चालकाच्याच पायाखाली राहतात. दिशेचा उलटा अर्थ लावण्याचे ओझे यंत्राने उचलले आणि निर्णयाचा अधिकार माणसापाशी ठेवला, ही या रचनेतली वाखाणण्याजोगी गोष्ट होय.

परंतु या सोयी ज्यांच्यासाठी घडल्या त्यांचे ट्रेलर होड्यांचे, घोड्यांचे आणि सहलीच्या घरांचे होते. सडका डांबरी, अंगणे स्वच्छ, आणि गाडीला जन्मतःच विजेचे स्टेअरिंग. आपली ट्रॉली निराळी आहे, आणि तिचा विचार तिच्याच अटींवर करावा लागेल. दांडीवर चिकटवलेला कागद काळ्या मातीच्या चिखलात आणि कापसाच्या धुळीत किती दिवस कॅमेऱ्याला दिसेल? म्हणून कोन दुरून पाहण्याऐवजी पिनेजवळच, तेल-मातीला दाद न देणाऱ्या साधनाने मोजणे श्रेयस्कर. आणि चारचाकी ट्रॉलीसाठी तबकडीजवळ दुसरे साधन अपरिहार्य. आपल्या ट्रॉल्या पुष्कळदा स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या असतात. एकीची दांडी दुसरीच्या दांडीइतकी नसते, आणि हंगामात आज या ट्रॅक्टरमागे तर उद्या त्या ट्रॅक्टरमागे त्या जोडल्या जातात. म्हणून यंत्राला ट्रॉलीची मापे विचारावी न लागता, पाच-दहा मीटर चालवून पाहिल्यावर ती स्वतः ताडता आली पाहिजेत. पिन आणि हूक झिजून त्यांच्यात जो ढिलेपणा येतो, तोही हिशेबात धरावा लागेल, कारण वर पाहिल्याप्रमाणे एक-दोन अंशांची चूकही थोड्या अंतरात मोठी होते. ट्रॅक्टरची पिन मागच्या एक्सलच्या बरीच मागे असते, तेव्हा पिन एक्सलवर धरून मांडलेली सूत्रे येथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. त्यांत कोणता बदल करावा हे गणिताच्या प्रकरणात सविस्तर दिले आहे.

स्टेअरिंगचा प्रश्नही वेगळा आहे. ट्रॅक्टरचे पॉवर स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालते. त्याला यंत्राच्या हाती द्यावयाचे तर एकतर तेलाच्या नळ्यांत विजेने चालणारी झडप बसवावी लागेल, नाहीतर स्टेअरिंगच्या दांड्यावरच एक मोटार चढवावी लागेल. शेतात उपग्रहाच्या साहाय्याने सरळ तास पाडण्यासाठी अशी मोटार जगात वापरात आहे. आपल्याकडेही महिंद्राने २०१७ मध्ये चालकाविना चालणाऱ्या ट्रॅक्टरचा नमुना जनतेपुढे ठेवला होता. तेव्हा हे भाग अप्राप्य आहेत असे नाही. अधिक गंभीर बाब मागच्या माणसांची आहे. कोन अचूक सांभाळणारे यंत्र ट्रॉलीला काटेकोर रेषेत माणसाच्या अंगावर नेऊ शकते. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना मागचा अडथळा कळवणारे सेन्सर अनिवार्य झाले. कापसाच्या ट्रॉलीमागे वावरणाऱ्या हमालाचा आणि मजूर बाईचा जीव मोटारीमागच्या माणसाच्या जिवाहून स्वस्त नाही. ज्या रचनेत मागच्या फाळक्यावर डोळा नाही, ती कितीही चतुर असली तरी आमच्या आवारात तिला प्रवेश असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सोयीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही आदराने ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा की यंत्र आले म्हणजे हाताची विद्या लोपेल. विद्या लोपते ती यंत्रामुळे नव्हे, तर ती विद्या आहे हेच समाजाने न ओळखल्यामुळे. आणि ज्या चालकांनी वर्षानुवर्षे ढिगाला ट्रॉल्या लावल्या, त्यांना विचारल्यावाचून, त्यांच्या हातांच्या हालचाली मोजल्यावाचून हे यंत्र आपल्या मातीत घडणारच नाही. दुसरा आक्षेप जबाबदारीचा: स्टेअरिंग यंत्राने फिरवले आणि अपघात झाला, तर जबाबदार कोण? आपल्या रस्ता-नियमांचा दस्तूर असा आहे की कोणाला धोका वा अडथळा होणार नाही याची खातरजमा केल्यावाचून, आणि गरजेहून अधिक अंतर, वाहन मागे नेऊ नये. ही खातरजमा करण्याचे कर्तव्य चालकाचे आहे आणि ब्रेक त्याच्या पायाखाली आहे तोवर ते त्याचेच राहील. यंत्र त्याचा हात हलका करू शकते, त्याची जबाबदारी हलकी करू शकत नाही. आणि जो विक्रेता ग्राहकाला याहून निराळे सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

खर्चाचा विचार मी शेवटी करतो, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो शेवटचा शब्द असतो. जी सोय वर्षातून कापसाच्या चार महिन्यांतच कामी येणार, तिच्यावर ट्रॅक्टरच्या हप्त्याखाली दबलेल्या माणसाने आणखी कर्ज काढावे, असे मी कधीही सांगणार नाही. परंतु पूर्ण यंत्राच्या अलीकडे पुष्कळ लहान पायऱ्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक स्वतंत्रपणे उपयोगी आहे. मागच्या फाळक्यावर कॅमेरा आणि चालकासमोर पडदा, ही पहिली पायरी. पिनेचा कोन दाखवून मर्यादा जवळ आली की घंटा वाजवणारे साधन, ही दुसरी. स्टेअरिंग किती आणि कोणीकडे वळवावे हे दिव्यांनी सुचवणारे साधन, ही तिसरी. आणि स्टेअरिंग स्वतः फिरवणारे यंत्र ही चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांनीच आवारातील बरेचसे अपघात टळतील अशी माझी धारणा आहे. आणि त्या दोन्ही एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या प्रकल्पाच्या आवाक्यात आहेत.

म्हणूनच हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, ट्रॅक्टरचालक व ट्रॉलीमालक. ते ज्या विद्येत निष्णात आहेत तिचे शास्त्र त्यांनी वाचावे, चुकले असेल तेथे आम्हाला सुधारावे, आणि नव्या पोरांना शिकवताना कोनाचा व अंतराचा नियमही सांगावा. दुसरे, यवतमाळचे शासकीय तंत्रनिकेतन व जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय, पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथील विद्यार्थी व अध्यापक; ज्यांच्या वसतिगृहासमोरून हंगामात कापसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांनी हा प्रश्न दुसऱ्या कोणी सोडवावा म्हणून वाट पाहू नये. यंत्र परदेशातून येईल ते परदेशातल्या ट्रॉलीसाठी घडलेले असेल. आपल्या ट्रॉलीचे यंत्र आपल्यालाच घडवावे लागेल.

पुढील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी वाचकांना एवढीच विनंती आहे, की त्यांनी मोजपट्टी घेऊन आपल्या गावातील एका ट्रॉलीचे पिनेपासून एक्सलपर्यंतचे अंतर मोजावे आणि तो आकडा पहिल्या प्रकरणाच्या समासात लिहून ठेवावा. या पुस्तकातील सर्व हिशेब त्याच आकड्यापासून सुरू होतात.